खोडलेला आकडा

अकरावीची प्रॅक्टिकलची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात एका पानावर एक आकडा खोडलेला आहे. या मनोगतात मला त्याच पानाबद्दल लिहायचं आहे.

'मल्टिमीटरने डायोडचा रोध मोजा', एवढंच फळ्यावर होतं. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. मीटर काट्याचा. लाल वायर डायोडच्या धन टोकाला, म्हणजे अ‍ॅनोडला लावली तर काटा जागचा हलेना, वायरी उलटवल्या तर सरसर धावला. बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमच्या रेंजवर आतल्या सेलचं धन टोक काळ्या वायरीकडे असतं, हे सरांनी मागचं झाकण काढून दाखवलं.

पुढे खरी पंचाईत झाली. मीटरच्या ×१ रेंजवर १० ओहमच्या आसपास, आणि ×१०० रेंजवर तोच डायोड साडेपाचशे! एक आकडा चुकलाच असणार, म्हणून मी पहिला खोडला. सर म्हणाले, "खोडलास कशाला? दोन्ही बरोबर आहेत. फक्त किती करंट सोडून मोजलंस, ते लिहायचं राहिलं."

रेंज बदलली की मीटर सोडतो तो करंटही बदलतो, आणि डायोडच्या आतला सांधा, म्हणजे पी-एन जंक्शन, ओहमचा नियम पाळत नाही: व्होल्टेज भागिले करंट हा आकडा तिथे कायम राहत नाही. सरांनी आमच्याकडून व्होल्टेज-करंटचा आलेख काढून घेतला. सिलिकॉनचा डायोड अर्ध्या व्होल्टपर्यंत जवळजवळ गप्प, नंतर उभा चढ. १ मिलिअँपिअरला साधारण ०.६५ व्होल्ट, म्हणजे भागाकार ६५० ओहम. त्याच बिंदूवर स्पर्शिका काढून तिच्या चढावरून मोजला, तर आदर्श डायोडचा रोध येतो फक्त २६ ओहम. १० मिलिअँपिअरला २.६. बारीक सिग्नलला जाणवतो तो हा दुसरा रोध. एकाच बिंदूला दोन रोध असतात, हे त्या दिवशी पट्टी-पेन्सिलीने डोळ्यांना दिसलं. इतकं स्वच्छ मला पुढे कुणीच शिकवलं नाही.

तास संपता संपता सरांनी डायोड चिमटीत धरायला सांगितला. करंट तोच, तरी बोटांच्या उबेने व्होल्टेज हळूहळू उतरू लागलं. अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट.

आज मी पॉवर डायोडच्या चाचण्या करतो. डायोडच्या बाहेरच्या आवरणाच्या आत जंक्शन किती तापलंय ते थर्मामीटरने कळत नाही. बारीक करंट सोडून याच उतरत्या व्होल्टेजवरून आम्ही ते काढतो. रिपोर्टमध्ये रोधाच्या आकड्याशेजारी करंट आणि तापमान नसेल, तर मी सही करत नाही.