तुम्ही विचारलंत म्हणून: परिक्रमेनं त्याला विसरले का?

इथं इंदूरला, रामबागेत कुणाकडेही हळदीकुंकवाला गेले की एखाद्या काकू हळूच जवळ येतात. ‘नर्मदा परिक्रमा केलीस ना गं? मग, विसरलीस का त्याला?’ आणि ज्या मुलींचं नुकतंच कुणाशी तुटलेलं असतं त्या विचारतात, ‘ताई, मीही जाऊ का? स्वतःचा शोध लागतो म्हणतात.’ सगळ्यांना एकदाच सांगते.

विसरले नाही. तो कोण, का संपलं, हे तुम्हाला माहीत आहे. ते पुन्हा उगाळत नाही.

निघायचंच असेल तर आधी हे ऐका. नर्मदेभोवतीची ही पायी परिक्रमा साधारण 2,600 किलोमीटरची. देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर निघायचं, चातुर्मासात चालत नाहीत. रोज 20-22 किलोमीटर धरले तरी चार महिने जातात. ओंकारेश्वरला गोमुख घाटावर संकल्प करायचा, कुपीत नर्मदाजल घ्यायचं, आणि तिथून नदी कायम उजव्या हाताला. ओलांडायची नाही. समोर बेटावर ओंकारेश्वराचं देऊळ दिसतं, पण तिथंही जायचं नाही. अलीकडच्या काठावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं. पाठीवर सहा किलोच्या वर ओझं नको. बूट एक नंबर मोठे घ्या, कारण दुपारनंतर पाय सुजतात आणि घट्ट बुटात नखं काळी पडतात. मोजे ओले झाले की लगेच बदला. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीवर बूट घासला की फोड आलाच. आला तर त्याची कातडी सोलू नका. सदाव्रतात, म्हणजे वाटेवरच्या अन्नदानाच्या ठिकाणी, कोरडा शिधा मिळतो, तेव्हा टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजता आले पाहिजेत.

आता विमलेश्वर. इथं दक्षिण तट संपतो, पुढं समुद्र. पलीकडं उत्तर तटावरच्या मिठी तलाईला समुद्रातून नावेनं जायचं असतं. नाव भरतीवर सुटते, त्यामुळे वेळ आपल्या हातात नसते. आम्ही दोन रात्री थांबलो. तिसऱ्या रात्री दोनला हाक आली. काठाला पोटरीभर गाळ. बूट गळ्यात अडकवायचे, काठी आधी रोवायची, मग पाऊल. पाय झटक्यात ओढला की तोल जातो. टाच सैल करून हळूच वर काढायचा. नावेत माणसाला माणूस चिकटलेलं. समुद्र लागला की कुपीतलं थोडं जल सागरात सोडायचं आणि तेवढंच खारं पाणी आत घ्यायचं. मी ठरवून आले होते की इथं त्यालाही सोडायचं. एक वाक्यसुद्धा मनात तयार होतं. पण नाव डुलत होती, शेजारच्या आजींना उलट्या होत होत्या. एका हातानं त्यांचं कपाळ धरलं, बूच दातांत, आणि दुसऱ्या हातानं कुपी तिरकी करून पाणी घेतलं. सरळ बुडवली तर लाट आतलं सगळं धुऊन नेते. ते मी नीट केलं. वाक्य राहूनच गेलं. त्या चार तासांत तो एकदाही आठवला नाही.

मला वाटलं, सुटले. उजाडलं, दहेजच्या कारखान्यांची धुराडी दिसली, आणि पहिल्याच टपरीवर कुणीतरी ‘साखर कमी’ म्हणालं. तो अगदी तसंच म्हणायचा. टपरीमागं बसून रडले. अजून दोन हजार किलोमीटर बाकी होते.

निघताना सरवटे स्टँडवर मी मैत्रिणीला म्हणाले होते, ‘नवी होऊन येईन.’ असं म्हणणाऱ्या त्या मुलीचा, तेव्हाच्या माझाच, मला आता राग येतो. पण तसं वाटलं नसतं तर ती बसमध्ये चढली असती का? ‘पळून गेलीस’ म्हणता. हो, पळाले. पहिले दहा दिवस तर नक्कीच. त्यानंतरचं काय होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही.

आणि स्वतःचा शोध? अनोळखी दारात ‘नर्मदे हर, मुक्काम मिळेल का?’ असं विचारायला मी आता लाजत नाही. त्याच्याकडे सहा वर्षांत मी काहीच मागितलं नव्हतं. दोन्हींचा संबंध असेलही, नसेलही.

त्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. मुलींनो, जायचं तर जा. बूट मात्र आजच घ्या आणि महिनाभर घालून चाला. कोरे बूट घेऊन गोमुख घाटावर येऊ नका.