आश्विनातला वरंध घाट

रविवार, रात्र

वरंध घाटाने कोकणात उतरावे आणि आंबेनळी घाटाने पुन्हा देशावर चढावे, हा आम्हा मित्रांचा बेत श्रावणापासून मनात होता, पण आम्ही तो मुद्दाम आश्विनापर्यंत लांबवला. भर पावसात दरडींच्या धोक्यामुळे वरंध घाट अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवतात, आणि उघडा असला तरी धुक्यात पुढच्या गाडीचा तांबडा दिवा तेवढा दिसतो. परतीचा पाऊस सरत आला की मात्र थोडे दिवस असे येतात, जेव्हा ओढ्यांना पाणी असते, गवताचा हिरवा रंग टिकून असतो आणि हवा इतकी निवळलेली असते की घाटमाथ्यावरून थेट पायथ्याची गावे दिसतात. मोटरसायकलवरून सह्याद्री पाहायचा तर याच दिवसांत पाहावा, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

काल पहाटे पुणे सोडले. कापूरहोळला सातारा महामार्गावरून भोरकडे वळल्यावर गाड्यांची गर्दी एकदम विरळ झाली. भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाचा जलाशय लागतो आणि रस्ता कितीतरी वेळ त्याच्याच कडेने वळसे घेत जातो. खाचरांतले भात पिवळे पडू लागले होते, उतारांवर सोनकी फुलली होती. अशा मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवावासा वाटतो, पण तो आवरायला हवा. पावसाने साइडपट्ट्या खचलेल्या असतात, वळणांवर बारीक खडी वाहून आलेली असते आणि झाडांच्या दाट सावलीत डांबर निसरडे असते. आम्ही सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला नेहमी पुढे ठेवतो आणि सर्वांत अनुभवी मित्राला शेवटी, म्हणजे कोणालाच पुढच्याला गाठण्यासाठी धावावे लागत नाही.

शिरगाव हे नीरेच्या उगमाचे गाव. इथले पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. थोडे पुढे जाऊन खिंड ओलांडली की ओढ्यांचे पाणी सावित्रीकडे वळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. नकाशावर हे पूर्वी पाहिले होते, पण गाडी उभी करून दोन्ही बाजूंचे उतार एकाच ठिकाणाहून पाहताना मन भरून आले. ज्या कावळ्या किल्ल्याला चिरून हा रस्ता गेला आहे, त्याच्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे. तिथल्या टपरीवर गरम भजी आणि चहा घेत आम्ही बराच वेळ दरीकडे पाहत बसलो.

उतरताना इंजिन बंद करायचे नाही, क्लच दाबून गाडी सोडायची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्याच जोरावर तिला धरून ठेवायचे आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हे आमचे नियम आहेत. याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि कितीतरी माणसे दगावली. ज्या पावसाच्या कौतुकाने आम्ही इकडे येतो, त्याच पावसात इथले लोक रात्री जागून काढतात, याचे भान ठेवूनच या वस्त्यांमधून जावे. म्हणून गाव आले की आम्ही गाड्या हळू घेतो आणि सायलेन्सरचा आवाज वाढवलेल्या गाड्या आमच्यात कोणी आणत नाही.

कोकणच्या बाजूला हळवे भात कापून झाले होते, काही अंगणांत झोडणी चालू होती, आणि उकाडा असा होता की जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागल्या. मुक्काम महाडला केला.

आज सकाळी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलो. रस्ता अधिक रुंद, वळणे देखणी आणि प्रतापगडाचे दर्शन सुरेखच, पण महाबळेश्वर जवळ आले तशी पर्यटकांच्या मोटारींची रांग लागली आणि पसरणी घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत ती सुटली नाही. वाईत जेवताना सर्वांचे एकमत झाले की पुढच्या वर्षी परतीलाही वरंधच घ्यायचा, आणि चढताना शिवथरघळीसाठी अर्धा दिवस राखून ठेवायचा.