चार भोकं आणि केसाएवढ्या चिरा

आज स्क्रू काढला आणि बाइकच्या रॅली स्क्रीनच्या (वारा अडवणाऱ्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) भोकाभोवती केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या. ४ मिमी पॉलीकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिक. ना गाडी पडली, ना दगड लागला.

कारण थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव. तो पॉलीकार्बोनेटला लागला की ताण असलेली जागा तडकते. इथे नायलॉक नटच हवा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट. ५ मिमीच्या स्क्रूला ६.५ ते ७ मिमीचं भोक, मध्ये रबरी वॉशर, आणि रबर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं. उन्हात शीट फुगते, तिला सरकायला जागा लागते.

हेडस्टॉकवरच्या (चेसिसच्या पुढच्या टोकाला, जिथे हँडल फिरतं तिथल्या) टॉवरसाठी, म्हणजे स्क्रीन धरणाऱ्या सांगाड्यासाठी, आपण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचे शॉकअप पूर्ण दाबून मापं घेतो. घ्यायलाच हवीत. पण या चार भोकांकडे इतकं लक्ष कोण देतं?