तुम्ही विचारलंत म्हणून: कुळीथ खायचे की नाही?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुळीथ मोजून घेताना कुणीतरी हटकून विचारतं, "मावशी, तुम्ही ब्लड बँकेत होता ना? ह्यात लेक्टिन असतं म्हणे, विष! मग खायचे की नाही?" मागच्या महिन्यात जावेचाही हाच फोन. तिने तर राजमा, कुळीथ, बिकणां (फणसाच्या आठळ्या हो) सगळंच बंद केलेलं. बाजारात मी "नीट शिजवून खा गो" म्हणून सुटते. आज जरा सविस्तर सांगते.

नोकरीत असताना कुळीथ माझ्या फ्रीजमध्ये होता, छोट्या बाटलीत. लेबल 'अँटी-ए-वन'. कुळथाच्या अर्कातलं एक प्रथिन तांबड्या पेशींवरची ठरावीक साखर ओळखून धरतं. 1951 साली बर्ड नावाच्या संशोधकांनी ते 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापलं, आणि ए रक्तगटाचे दोन पोटप्रकार, ए-वन आणि ए-टू, वेगळे काढायला कुळीथ कामाला लागला. काचपट्टीवर पेशींचा थेंब, त्यात अर्काचा थेंब, काडीने ढवळायचं आणि पट्टी हळूहळू डोलवायची. ए-वन असेल तर बघता बघता तो गुळगुळीत लाल थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. ए-टूच्या पेशींवर ती साखर कमी, म्हणून थेंब तसाच राहतो. मात्र अर्क पुरेसा पातळ केलेला नसेल तर तो ए-टूलाही धरतो. नवी असताना मी हे प्रमाण एकदा चुकवलं, तर त्या दिवशीचे सगळेच ए-वन निघाले. सरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

साखर धरणारी अशी प्रथिनं म्हणजे लेक्टिन. स्टिलमार्कने 1888 साली एरंडाच्या बियांच्या अर्कात रक्तपेशींच्या गुठळ्या करणारा गुण दाखवला. नाव मिळालं 1954 मध्ये, 'निवडणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. एरंडातलं रिसिन खरोखरच जीवघेणं. माझ्या मते सगळ्या जातीची बदनामी त्याच्यामुळेच.

जावेला म्हटलं, अगो, लेक्टिन तुझ्या यकृतातही बनतं! मॅनोज नावाची साखर धरणारं हे प्रथिन रक्तात फिरत असतं. त्याला अनेक तोंडं. एकेका तोंडाची पकड ढिली, पण यीस्टच्या किंवा जीवाणूच्या अंगावर मॅनोज दाटीने असतं, तिथे सगळी तोंडं एकदम बसली की सुटका नाही. आपल्या पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाला बहुधा दुसऱ्याच साखरा असतात, म्हणून तिथे ते सहसा चिकटत नाही. जंतू धरला की ते 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनांना (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं) जागं करतं आणि भक्षक पेशींना जंतू गिळणं सोपं होतं. काही जणांत हे जन्मतःच कमी असतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, पण काही लहान मुलं त्यामुळे वारंवार आजारी पडतात.

जंतूही हीच विद्या शिकलेले. फ्लूचा विषाणू आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींवरचं सायलिक ॲसिड धरून आत शिरतो. लघवीच्या जागी जळजळ करणारा ई. कोलाय मूत्राशयाच्या अस्तरावरचं मॅनोज धरून बसतो, म्हणून लघवीबरोबर वाहून जात नाही. आणि पावसात आपल्याकडे येणारा डेंग्यू तर उलटाच. आपल्या पहारेकरी पेशींवर जंतू पकडायला ठेवलेलं लेक्टिन असतं, त्यालाच हा विषाणू चिकटतो आणि पहारेकऱ्यालाच बाधतो.

आता राजमा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन आतड्याच्या अस्तराला धरतं. चार-पाच कच्चे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब लावू शकतात. पण चांगल्या उष्णतेने ते मोडतं, म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात चांगलं खळखळून उकळा किंवा कुकरला लावा. मंद आचेवर नुसतं कोमट रटरटत ठेवणं वाईट. मजा म्हणजे, हेच लेक्टिन टाकल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी नळीत विभागू लागतात, हे नोवेलने 1960 साली दाखवलं. क्रोमोसोमच्या तपासणीला ते अजून वापरतात. बिकणांतलं जॅकॅलिनही असंच चोखंदळ: आयजीए नावाच्या अँटिबॉडीचे दोन प्रकार, त्यातल्या आयजीए-वनला धरतं, आयजीए-टूला सोडतं. उकडलेल्या बिकणांना घाबरायचं कारण नाही.

कुळथाच्या पिठीचं तर पीठच भाजलेल्या कुळथाचं, वर सोलां घालून उकळी. परवा जावेकडे गेले तर उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर पिठी वाढलीन. राजम्याचा डबा मात्र अजून वरच्या फळीवरच आहे.