तोरणमाळचा तलाव-घाट ट्रायथलॉन मार्ग: ‘मध्यम चढ’ या दोन शब्दांवर जाऊ नका

यशवंत तलावात १५०० मीटर पोहणं, घाट उतरून पुन्हा वर येत ४० किमी सायकल आणि तलावाच्या काठाने १० किमी धावणं. कागदावर हा साधा ऑलिंपिक अंतराचा मार्ग दिसतो. हातोहात फिरणाऱ्या रूटच्या तक्त्यात सायकलपुढे ‘मध्यम चढ, सरासरी २ टक्के’ असं लिहिलेलं आहे. हा आकडा गणिताने बरोबर असला तरी माणसाला फसवतो. सगळा चढ परतीच्या २० किमीत आहे आणि तक्ता करणाऱ्याने तो ४० किमीला भागलाय. उतारावरचं अंतरही भागाकारात धरलं की कुठलाही घाट सपाट दिसतो. पाय अजून दुखताहेत, त्यामुळे पुढचं जरा कडक वाटेल. पण खाली लिहिलेलं न वाचता कोणी ३९-२५ गिअर (पुढच्या चक्राला ३९ दात, मागच्याला २५) घेऊन तिथे जाऊ नये.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे आणि पायथ्याकडचा शहादा त्याच्या जवळजवळ हजार मीटर खाली. शहादा-म्हसावद-राणीपूर हा रस्ता सुरुवातीला केळी-पपईच्या बागांमधून सरळ जातो आणि सातपुड्याला भिडला की एकदम उभा राहतो. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा. १०० मीटर उंची चढायला २०० वॅट सतत दिले तर नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी साडेसहा मिनिटं जातात. रस्त्याचं घर्षण आणि वारा वेगळा. परतीत ७०० मीटर उंची असली तर हिशेब पाऊण तासाच्या पुढे जातो. ट्रायथलॉनमध्ये या पाऊण तासानंतर धावायचंही आहे, हे विसरू नका.

गिअर असा घ्या: पुढे कॉम्पॅक्ट ५०-३४, मागे ११-३२. ३४-३२ वर ७० कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्यांनी, ताशी साधारण साडेनऊ किमीचा वेग मिळतो. ८ टक्के चढावर त्यासाठी तेवढ्याच वजनाला पावणेदोनशे वॅटच्या आसपास लागतात. हे जमण्यासारखं आहे. तोच चढ ३९-२५ वर त्याच कॅडन्सने चढायला जवळपास १४ चा वेग आणि अडीचशे वॅट लागतील. ते जमणार नाही, मग कॅडन्स ४५ वर येईल, गुडघे बोलायला लागतील आणि वर पोचल्यावर धावण्याऐवजी चालावं लागेल. मागे ११-३४ बसत असेल तर तीच घ्या. त्यासाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि एखाद-दोन कड्यांनी लांब चेन लागते. हे काम आठवडाभर आधी करून घ्या, आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत नको.

आता खरा त्रासाचा भाग म्हणजे उतार. सगळ्यांना भीती चढाची असते, पण माणसं पडतात उतरताना. घाटाच्या ‘सात पायरी’च्या वळणांत आतल्या कडेला पावसाळ्यात दरडींमधून आलेली बारीक खडी साचलेली असते. टायर रोज जिथून जातात तेवढाच पट्टा साफ राहतो आणि खडी त्याच्या आत-बाहेर ढकलली जाते. डोळ्यांना वळणाचा सर्वात छोटा मार्ग आतला वाटतो आणि नेमकी तिथेच खडी असते. हिवाळ्यात तिच्यावर सागाची मोठी पानं पडलेली असतात. पहाटेच्या दवाने ओलं झालेलं पान टायरखाली साबणासारखं सरकतं, आणि पान वर असल्याने खालची खडी दिसत नाही. म्हणून वळण घेताना आतल्या कडेपासून निदान दीड मीटर बाहेर, गाडीच्या चाकाने साफ केलेल्या पट्ट्यातून जा. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावा. सायकल कलली की ब्रेक सोडा. आतल्या बाजूचं पेडल वर, बाहेरचं खाली, वजन बाहेरच्या पायावर.

सतत ब्रेक धरून उतरणं ही दुसरी चूक. रिम (ब्रेक जिथे दाबतो ती चाकाची कडा) तापतात, रबराचे पॅड गुळगुळीत होतात, ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिम आणि साधे रिम ब्रेक असतील तर हा घाट त्यांच्यासाठी नाही, अ‍ॅल्युमिनियमची चाकं आणा. तीन-चार सेकंद जोरात ब्रेक, मग तेवढाच वेळ मोकळं, असं उतरा. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा, एकट्या मागच्यावर विसंबू नका. आदल्या दिवशी पॅड काढून उजेडात पाहा. त्यात चमकणारे धातूचे बारीक तुकडे रुतलेले असतील तर सुईने काढा, नाहीतर ते रिमला कुरतडतात. २५ मिमी टायरमध्ये ९० पीएसआय भरायची सवय असेल तर इथे ७५ ते ८० पुरेत, पकड वाढते. एसटी आणि जीप वळणावर रस्त्याची दोन्ही अंगं घेतात, शेळ्याही येतात. आंधळ्या वळणावर हॉर्न ऐकू आला की कडेला या, वेळेचा विचार करू नका.

या सगळ्यात भर टाकते ती थंडी. पोहून बाहेर आल्यावर अंग ओलं असतं आणि लगेच उताराचा वारा लागतो. चढावर गरम होतं म्हणून लोक ट्रायसूटवरच (तिन्ही प्रकारांत चालणारा अंगाबरोबरचा पोशाख) निघतात, पण या मार्गात उतार आधी येतो. दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेकचा लिव्हर किती दाबला तेच कळत नाही. ट्रान्झिशनमध्ये (पोहून आल्यावर सायकल घेण्याच्या जागी) अंगठा करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर निघू नका, हात काखेत धरून थांबा. हा अर्धा मिनिट घाटातल्या पडण्यापेक्षा स्वस्त आहे. बिनबाह्यांचं वाऱ्याचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि छातीशी घालायला वर्तमानपत्राची दोन पानं पिशवीत ठेवा. खाली वळण्याच्या ठिकाणी पानं काढा आणि खिशात ठेवा, रस्त्यावर टाकू नका, ते जंगल आहे.

पोहण्याचा भाग त्या मानाने बरा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तलावावर धुकं बसतं आणि मार्ग दाखवणाऱ्या नारिंगी तरंगत्या बोया दिसत नाहीत. रंगीत काचेचा गॉगल खोलीत ठेवा, पारदर्शक काचेचा आणा. दर आठ-दहा हातांनी मान वर काढून पाहा, आणि बोयापेक्षा त्यामागचं एखादं झाड किंवा डोंगराची खाच धरून ठेवा. धुकं विरलं तरी ती जागेवरच असते. पाण्याचं तापमान सुरुवातीच्या तासभर आधी ६० सेमी खोलीवर मोजतात, काठावर हात बुडवून नाही. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमाप्रमाणे हौशी गटात १५०० मीटरपर्यंत २२ अंशांना किंवा वर वेटसूट (पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) चालत नाही आणि १५.९ वा खाली तो सक्तीचा आहे. दोन्हीची तयारी ठेवा. काठाला गाळ आहे. मांडीइतकं पाणी आलं म्हणून उभं राहू नका, पाय रुततात. बोटं तळाला लागेपर्यंत पोहतच या. पाय शेवाळात अडकला तर लाथा मारू नका, शरीर आडवं ठेवून हातांनी सरका. ११५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १३ टक्के कमी असतो. पहिले २०० मीटर मुद्दाम हळू काढा, नाहीतर श्वास लागून घाबरल्यासारखं होतं आणि ती भीती पाण्यात लवकर उतरत नाही.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सपाट आहे, पाय हलके ठेवून पहिले दोन किमी छोटी पावलं टाका, पुढे बरं वाटतं.

खाण्यात एक गोष्ट पक्की: आदल्या रात्री शेवभाजी नको. खानदेशी झणका आवडत असला तरी पहाटे पोटात आग होते. तुरीच्या डाळीची खिचडी, थोडं तूप, असं लोणच्याशिवाय जेवा. चढावर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ते २७ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर गूळ. केळी कमी उंचीवरच, श्वास ठीक असताना खा, वळणात चावत बसू नका. दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकात मीठ. घाटात दुकान शोधू नका आणि फोनच्या रेंजवर तर विसंबूच नका. पंक्चरचं सामान, दोन ट्यूब आणि पंप स्वतःजवळ हवा.

जाण्याचं सांगतो. नंदुरबारला सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी, तिथून प्रकाशामार्गे तापी ओलांडून शहादा. शहाद्याहून जीप करताना सायकलीचं आधी ठरवा. एका सीटइतके पैसे मागितले तर वाजवी आहे, सायकल खरोखरच एक जागा खाते. पूर्ण गाडीच्या निम्मं भाडं मागितलं तर खाली उतरा, दुसरी गाडी मिळते. परतीचं भाडंही निघण्याआधीच ठरवा, कारण दुपारनंतर वर गाडी मिळणं कठीण असतं आणि दमलेला माणूस काहीही भाडं देतो. वरती मुक्कामाला खोल्या मोजक्याच आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेत घाट माणसांनी आणि गाड्यांनी भरून जातो. त्या आठवड्यात सरावाला जाऊ नका. पावसाळ्यात तर अजिबात नको, दरडी पडतात. तलावात उतरण्याआधी ग्रामपंचायत आणि वनविभागाला विचारा, आणि बरोबर एक बचावनाव किंवा निदान कंबरेला बांधायचा तरंगता फुगा असल्याशिवाय एकट्याने १५०० मीटर पोहू नका.

सराव करायचा तर आधी एकदा कोरड्या अंगाने, सूर्य वर आल्यावर, घाट नुसता उतरून या. कुठल्या वळणावर खडी आहे ते लक्षात ठेवा, आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती वळणं पुन्हा पाहा, कारण मधल्या दिवसांत एखादी बैलगाडी किंवा ट्रक गेला की ती खडी दुसरीकडे सरकलेली असते.