पौल परत गेला त्या गावांकडे

तुर्कस्तानात पिर्ग्याच्या अवशेषांपासून यालवाच गावापर्यंत टॉरस पर्वतातून सुमारे ५०० किलोमीटरची पायवाट जाते. २००४ साली ती खुली झाली, नाव सेंट पॉल ट्रेल. दगडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा माग काढत चालायचं. यालवाचच्या शेजारीच पिसिदियातील अंत्युखिया या प्राचीन शहराचे अवशेष. येशूची सुवार्ता सांगत फिरणारे पौल (म्हणजेच सेंट पॉल) आणि बर्णबा पहिल्या शतकात पिर्ग्याहूनच तिथे गेले होते. त्यांचा सोबती योहान मार्कने मात्र पिर्ग्यातच त्यांची साथ सोडली. पहिल्या मोठ्या चढानंतर मला मार्कबद्दल मायाच वाटू लागली.

मी येशूची झाले हे घरी सांगितलं तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नव्हता. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहीजणांबरोबर निघाले तेव्हा मनात त्याचंच ओझं होतं.

एईर्दिर तलावाच्या वरच्या एका गावात रात्री एका आजोबांनी आम्हाला ठेवून घेतलं. नात मोडक्या इंग्रजीत त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होती. त्यांनी विचारलं, एवढं चालता कशासाठी? मी सांगितलं: येशू माझ्यासाठी मेला आणि पुन्हा उठला म्हणून. त्यांचा चेहरा कठोर झाला. ईसा आमचाही पैगंबर आहे, पण तो क्रुसावर मेला नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मी शब्द मागे घेतले नाहीत, वादही वाढवला नाही. त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, परवानगी विचारून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सकाळी तेच काठी टेकत आम्हाला खिंडीपर्यंत सोडायला आले. त्यांचं मत बदललं नव्हतं, आणि तरीही मला ती सोबत फार मोलाची वाटली.

अंत्युखियात पुरातन चर्चच्या पायाच्या दगडांवर बसून आम्ही बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक मोठ्याने वाचलं. इथून दोघांना हाकलून दिलं. इकुन्यात दगडमाराचा बेत शिजला, म्हणून ते निसटले. लुस्त्रात पौलावर खरोखरच दगड पडले. मेला समजून लोकांनी त्याला गावाबाहेर ओढत नेलं. तो उठला आणि त्याच गावात परत गेला! दुसऱ्या दिवशी दर्बेला, आणि तिथून पुन्हा लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया. का? नव्याने विश्वास ठेवलेली माणसं तिथे होती, त्यांना एकटं कसं सोडणार? त्याचं धैर्य मला भाषणांपेक्षा या परतीत जास्त दिसतं. पुढे कधीतरी तो लुस्त्राकडे पुन्हा गेला आणि तिथे त्याला तीमथ्य हा शिष्य भेटला, ज्याला तो लेकरू म्हणायचा.

पुढे आम्ही बसने कोन्याला गेलो. तेच जुनं इकुन्या. तिथून दादाला फोन लावला. त्याने उचलला. बराच वेळ त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल आणि आईच्या औषधांबद्दल बोललो. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तो तुझा पौल... दगड मारणाऱ्यांकडे परत का गेला म्हणे?"

मी सांगायला सुरुवात केली.