रेडिओवर फुकट मिळतं, तरी रांग लागते: लंडनचे प्रॉम्स उभ्याने ऐकताना

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण आठ आठवडे, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी वाद्यवृंदाची मैफल असते. हे बीबीसी प्रॉम्स. यातली प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ ३ वरून थेट ऐकवली जाते आणि नंतरही ऑनलाइन मिळते. घरबसल्या ऐकणाऱ्याला तिकीट काढावं लागत नाही. तरीही पाच हजारांवर माणसं मावणाऱ्या या सभागृहात लोक येतात, आणि त्यातले शेकडो जण दोन तास उभ्याने ऐकतात.

उभ्याची स्वस्त जागा हा या महोत्सवाचा पायाच आहे. १८९५ साली रॉबर्ट न्यूमन यांनी क्वीन्स हॉलमध्ये ही मालिका सुरू केली, हेन्री वुड तिच्या वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) झाले, आणि उभं राहण्याचं तिकीट होतं एक शिलिंग. १९२७ मध्ये बीबीसीने ती चालवायला घेतली. मे १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला, तेव्हा मैफली अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. ढिगाऱ्यातून वाचलेला वुड यांचा अर्धपुतळा आजही दर मोसमात ऑर्गनसमोर ठेवतात. घरोघरी संगीत फुकट पोचवणाऱ्या संस्थेनेच गेली जवळपास शंभर वर्षं ही उभ्याची तिकिटं टिकवली, याचं मोल आम्हाला फार वाटतं. २०२० च्या महामारीत शेवटचे दोन आठवडे वादकांनी रिकाम्या सभागृहात वाजवलं. वादन उत्तमच होतं, पण शेवटचा स्वर विरल्यावर टाळ्या नाहीत, नुसती शांतता. रेडिओपुढे बसलेल्यांनाही ती पोकळी ऐकू येत होती.

प्रत्यक्ष ऐकण्यात नेमकं जास्तीचं काय मिळतं? पहिली गोष्ट, आवाजाची झेप. व्हायोलिनचा अगदी पुसट सूर आणि संपूर्ण वाद्यवृंदाचा कल्लोळ यांतलं अंतर दिवाणखान्यात मावत नाही. हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की मोठ्या भागाला शेजारी दार वाजवतात, आणि कमी केला की हळू भाग रस्त्यावरच्या गाड्यांत बुडतो. दुसरी गोष्ट, खर्ज. इथल्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. बत्तीस फुटी नळीचा सूर सेकंदाला साधारण १६ कंपनांचा असतो. फोनचा किंवा छोट्या रेडिओचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. सभागृहात तो कानाआधी छातीला आणि तळपायांना कळतो.

सभागृहात दोषही आहे, आणि जागा निवडताना तो माहीत असायला हवा. घुमट सुमारे ४१ मीटर उंच आहे. आवाज वर जाऊन परत खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि एवढ्या उशिरा परतलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो. तो मोडायला १९६९ मध्ये घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या. इथले लोक त्यांना ‘मशरूम’ म्हणतात. प्रतिध्वनी त्यामुळे बराच गेला, पण मंचापासून दूर गेलं की आवाज पसरटच लागतो. मंचासमोर मोकळी जमीन आहे, तिला अरीना म्हणतात. तिथे वाद्यांचा आवाज सरळ अंगावर येतो. सभागृहातली सर्वांत स्वस्त जागा ऐकण्यासाठी सर्वांत चांगल्या जागांपैकी एक आहे, हे पहिल्यांदा येणाऱ्याला पटकन खरं वाटत नाही.

अलीकडच्या वर्षांत उभ्याचं तिकीट ८ पौंड, म्हणजे साधारण हजार रुपये आहे. ते आगाऊ मिळत नाही, मैफलीच्या दिवशी सकाळी विक्री सुरू होते. सुरू होण्याची वेळ त्या वर्षीच्या माहितीत पाहून ठेवा आणि खातं आधीच उघडून ठेवा. नावाजलेला वादक असला की तिकिटं भराभर संपतात, आणि पासवर्ड आठवण्यातच संधी हुकते. निवड दोन जागांत असते: खाली अरीना किंवा अगदी वरची गॅलरी. अरीनात जो आधी येईल तो पुढे, त्यामुळे दारं उघडण्याआधीच रांगेत असावं. गॅलरीत जागा ऐसपैस असते. तिथे भिंतीला टेकून बसता येतं, काही जण तर पाठ टेकून डोळे मिटून ऐकतात. वादक मात्र तिथून बोटभर दिसतात, आणि ऑगस्टमध्ये उकडतं.

उभं राहण्याचंही तंत्र आहे. गुडघे ताठ करून स्तब्ध उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबवतात, रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. गुडघे किंचित सैल ठेवा, टाचा अधूनमधून उचला, उपाशी पोटी जाऊ नका. जुने, पायाला सरावलेले बूट घाला. मध्यंतरात सगळे जमिनीवर बसतात, तुम्हीही खुशाल बसा. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत. कार्यक्रम निवडताना लांबी पाहा: मालरची तिसरी सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) एकटीच दीड तासाहून जास्त चालते आणि तिला बहुधा मध्यंतर नसतं. पहिल्या खेपेला बेथोव्हनची सातवी किंवा द्वोर्झाकची नववी बरी, दोन्ही साधारण चाळीस मिनिटांच्या.

आपल्याकडच्या श्रोत्याला सर्वांत अवघड जाते ती दाद. चांगली जागा आली की ‘वाह’ ओठांवर येतं, पण ते इथे गिळायचं. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात. टाळ्या खरं तर शेवटीच वाजवायच्या, पण मधल्या विरामांत प्रॉम्समध्ये काही लोक टाळ्या वाजवतात आणि त्यावर कोणी डोळे वटारत नाही. शेवट झाला की नाही कळत नसेल तर संचालकाचे हात पाहा. ते खाली येईपर्यंत संगीत चालूच आहे असं समजायचं. खोकला येत असेल तर गोळी आधीच वेष्टनातून काढून ठेवा. मंचावर टांगलेले मायक्रोफोन वेष्टनाचा चुरचुर आवाज देशभर पोचवतात.

दाद नसली तरी जुन्या प्रॉमर मंडळींच्या, म्हणजे नेहमी उभ्याने ऐकणाऱ्यांच्या, गमती आहेत. मध्येच पियानो मंचावर आणून त्याचं झाकण उचललं जातं, तेव्हा अरीनातून एका सुरात ‘हीव्ह’ अशी आरोळी येते आणि गॅलरीतून ‘हो’ असं उत्तर मिळतं. हीच मंडळी संगीतक्षेत्रातल्या धर्मादाय संस्थांसाठी डबे फिरवून वर्गणी गोळा करतात. एकट्याने आलेल्या नवख्याशी ती आपणहून बोलतात. परक्या देशात ओळख व्हायला रोज त्याच रांगेत दिसणारे चेहरे लागतात, आणि ते इथे मिळतात.

उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी उभ्याचं तिकीट काढू नका. खालच्या स्टॉल्समधल्या खुर्च्या घ्या, वरच्या सर्कलच्या पायऱ्या फार उभ्या चढाच्या आहेत. गायकवृंद नसेल त्या दिवशी मंचामागच्या खुर्च्याही विकल्या जातात. तिथे नगारे आणि पितळी वाद्यं जवळ येऊन तंतुवाद्यांवर मात करतात, पण संचालकाचा चेहरा समोरून दिसतो, आणि तेवढ्यासाठी त्या घ्याव्यात. आईवडिलांना हेही सांगा की १९७४ मध्ये लता मंगेशकर याच सभागृहात गायल्या, आणि २०२३ च्या प्रॉम्समध्ये एक अख्खी संध्याकाळ त्यांच्या गाण्यांची होती. पलक मुच्छल गायली, साथीला सिटी ऑफ बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद होता. परतताना साउथ केन्सिंग्टन स्थानकापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं आणि सगळी गर्दी एकदमच निघते. पाय दुखत असतील तर सभागृहासमोरून ९ किंवा ५२ क्रमांकाची बस धरा.